जॉन बॅनव्हिलची 'द ड्राउन्ड' आणि क्वर्क-स्ट्रॅफर्ड मालिका: कुठून सुरुवात करावी, काय माहीत असावं

रानवारा

जॉन बॅनव्हिल यांच्या डब्लिन रहस्यमालिकेतली 'द ड्राउन्ड' (ऑक्टोबर २०२४) ज्यांनी वाचली आहे किंवा हातात घेतली आहे त्यांच्यासाठी हा धागा. शेवट फोडू नका. मागच्या पुस्तकांबद्दल लिहिताना 'रसभंग' असं वर लिहा.

गोष्टीची सुरुवात मागच्या पानावरच दिलेली आहे, त्यामुळे सांगायला हरकत नाही. १९५० च्या दशकातला आयर्लंडचा ग्रामीण भाग. एका एकलकोंड्या माणसाला शेतात सोडून दिलेली रिकामी गाडी दिसते. आपण तिकडे जाऊ नये हे त्याला कळतं, तरी तो जातो. मग एक नवरा सांगतो की बायकोने बहुधा समुद्रात उडी घेतली. डब्लिनहून इन्स्पेक्टर स्ट्रॅफर्ड येतो आणि त्याला पॅथॉलॉजिस्ट (शवविच्छेदन करणारा डॉक्टर) क्वर्कची मदत घ्यावी लागते. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, त्यातून स्ट्रॅफर्डचं क्वर्कच्या मुलीशी, फीबीशी, प्रकरण चालू आहे.

आता क्रम. घोळ होतो तो लेखकाच्या नावामुळे. पहिली सात पुस्तकं 'बेंजामिन ब्लॅक' या टोपणनावाने आली: 'क्रिस्टीन फॉल्स' (२००६), 'द सिल्व्हर स्वान' (२००७), 'एलेजी फॉर एप्रिल' (२०१०), 'अ डेथ इन समर' (२०११), 'व्हेन्जन्स' (२०१२), 'होली ऑर्डर्स' (२०१३), 'ईव्हन द डेड' (२०१५). या सगळ्यांत क्वर्क नायक आणि इन्स्पेक्टर हॅकेट त्याचा जोडीदार. २०२० च्या 'स्नो'पासून लेखकाने खरं नाव लावलं. तिथे स्ट्रॅफर्ड एकटा आहे. 'एप्रिल इन स्पेन' (२०२१) मध्ये दोन्ही धागे जुळतात, पुढे 'द लॉक-अप' (२०२३) आणि आता ही. म्हणजे क्वर्कची दहावी, स्ट्रॅफर्डची चौथी. दुकानात 'बॅनव्हिल' शोधलं तर जुनी सापडत नाहीत आणि 'ब्लॅक' शोधलं तर नवी. दोन्ही नावांनी शोधा.

'स्नो' धरून अकराही वाचायची तयारी नसेल तर 'क्रिस्टीन फॉल्स', 'एलेजी फॉर एप्रिल', 'स्नो', 'एप्रिल इन स्पेन', 'द लॉक-अप' आणि मग ही. 'एलेजी' गाळून 'एप्रिल इन स्पेन' वाचू नका. नावातली एप्रिल ही महिना नाही, ती त्या आधीच्या पुस्तकातली हरवलेली मुलगी आहे. आणि 'एप्रिल इन स्पेन'चा शेवट माहीत नसेल तर क्वर्क स्ट्रॅफर्डशी इतका तुसडेपणाने का वागतो ते 'द ड्राउन्ड'मध्ये कळणारच नाही.

खालमुंडी

धागा चांगला, पण माझा मुद्दा आधी नोंदवून ठेवतो. याला रहस्यकथा म्हणायचं का? स्ट्रॅफर्ड खोलीत शिरतो, उजेड कुठल्या खिडकीतून येतोय ते बघतो, समोरच्या बाईच्या कोटाचा रंग बघतो आणि प्रश्न विचारायचं विसरून निघून जातो. दुवे पेरणं, वेळा जुळवणं, संशयितांना एकेक करून बाद करणं, काही नाही. पाऊणशे पानं उरली की गुन्हेगार आपोआप समोर येतो. वाक्यं सुंदर आहेत, मान्य. वाक्यांसाठी त्यांची २००५ ची बुकर मिळालेली 'द सी' आहे की.

सांजवात

+१, निदान 'होली ऑर्डर्स'पुरतं तरी.

टिंबटिंब

खालमुंडी, अर्धं बरोबर. बॅनव्हिल रहस्यलेखक जॉर्ज सिमेनॉनला मानतात, अॅगाथा क्रिस्टीच्या पद्धतीने कोडी घालणाऱ्यांना नाही. 'स्नो'मध्ये तर जमीनदाराच्या वाड्यात, ग्रंथालयात, पाद्र्याचं प्रेत ठेवून त्यांनी त्या जुन्या साच्याची टर उडवली आहे. तुम्ही कोडं शोधताय, ते तिथे नाहीच. तपास मात्र आहे, फक्त तो पोलिसांपाशी नाही, कागदांपाशी आहे.

'क्रिस्टीन फॉल्स' (हलका रसभंग, पहिल्या प्रकरणापुरता): क्वर्क रात्री शवागारात परततो तर त्याचा मानलेला भाऊ मॅल, जो बाळंतपणाचा डॉक्टर आहे, एका मृत मुलीच्या फाइलमध्ये काहीतरी खरडतोय. हा प्रसंग वाचताना नुसता 'खाडाखोड' म्हणून सोडून देऊ नका. तिथली पद्धत अशी: डॉक्टरने नैसर्गिक कारण लिहून दाखला दिला की दफन होतं. कॉरोनरकडे (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) प्रकरण जात नाही, शवविच्छेदन नाही, चौकशी नाही, आणि पोलिसांकडे तर काहीच पोचत नाही. सगळी यंत्रणा त्या एका ओळीवर उभी. म्हणून मालिकेचा नायक पोलिस नसून पॅथॉलॉजिस्ट आहे. त्या ओळीच्या विरुद्ध बोलू शकणारा तो एकटाच.

त्या मुलीचं बाळ कुठे गेलं यावर पुढची गोष्ट चालते आणि ती कल्पनेतून आलेली नाही. आयर्लंडमध्ये दत्तकविधानाचा कायदाच मुळी १९५२ साली आला. १९४० च्या दशकापासून पुढची साधारण तीस वर्षं अविवाहित मातांची दोन हजारांहून जास्त मुलं अमेरिकेत पाठवली गेली. अविवाहित मातांना ठेवणाऱ्या संस्थांची, म्हणजे मातृगृहांची, चौकशी करणाऱ्या आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला: १८ संस्था, १९२२ ते १९९८ हा काळ, सुमारे ९,००० मुलांचे मृत्यू. पुस्तक २००६ चं आहे हे लक्षात घ्या.

न्यायवैद्यक

'द ड्राउन्ड'च्या निमित्ताने पाण्यातल्या मृत्यूबद्दल लिहितो. या पुस्तकाचा शेवट यात कुठेही नाही, फक्त १९५० च्या दशकातल्या पॅथॉलॉजिस्टला काय सांगता आलं असतं आणि काय नाही, एवढंच.

पहिली गोष्ट, 'बुडून मृत्यू' हे निदान इतर कारणं बाद करत करत करावं लागतं. निर्विवाद अशी एकही खूण नाही. शोधायचं काय: नाकातोंडाशी आणि श्वासनलिकेत बारीक बुडबुड्यांचा पांढरा, कधी लालसर फेस, पुसला तरी छाती दाबल्यावर पुन्हा येणारा, फुगलेली, जड, एकमेकांवर येऊ पाहणारी फुफ्फुसं, ज्यांच्यावर बरगड्यांचे ठसे दिसतात, जठरात पाणी, वाळू, शेवाळ, मुठीत घट्ट धरलेलं गवत किंवा शेवाळ. यातली मूठ सर्वांत मोलाची, कारण ती माणूस पाण्यात जिवंत होता हे सांगते. पण ती क्वचितच मिळते. तळहात-तळपायाची पांढरी सुरकुतलेली कातडी प्रेत पाण्यात होतं एवढंच सांगते. मेलेल्याला पाण्यात टाकलं तरी ती तशीच होते, आणि कादंबऱ्यांत सर्वाधिक चूक इथेच होते.

क्वर्कच्या काळात दोन चाचण्या हाताशी होत्या. एक गेटलरची, १९२१ ची. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या रक्तातलं क्लोराइड मोजायचं. खाऱ्या पाण्यात बुडाल्यास डावीकडे जास्त, गोड्या पाण्यात कमी, आणि १०० मिलिलिटरमागे २५ मिलिग्रॅमचा फरक असला तर तो अर्थपूर्ण धरत. ऐकायला झकास. पण प्रेत कुजायला लागलं की दोन्ही बाजूंचं प्रमाण आपोआप बदलतं आणि आकडा निरर्थक ठरतो. पुढे ही चाचणी मागे पडली. दुसरी डायटमची. सिलिकाचं कवच असलेली ही सूक्ष्म शैवालं. हृदय चालू असताना पाणी फुफ्फुसात गेलं तर ती रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतात. मांडीच्या हाडातला मगज काढायचा, नायट्रिक आम्लात विरघळवायचा, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि घटनास्थळाच्या पाण्याच्या नमुन्याशी प्रजाती जुळवायच्या. पाण्याचा नमुना त्याच दिवशी घेतला नाही तर अर्थ नाही, कारण ऋतूप्रमाणे प्रजाती बदलतात. भांडी नळाच्या पाण्याने धुतली तरी डायटम त्यातूनही येतात.

जखमांचं बघा. प्रेत पाण्यात पालथं, डोकं आणि हातपाय खाली लोंबते असं तरंगतं, म्हणून कपाळ, हाताची मागची बाजू, गुडघे आणि पायाची बोटं तळाशी घासतात. पापण्या-ओठ खेकडे खातात. या खुणा मृत्यूनंतरच्या. मानेच्या बाजूला, दंडाच्या आतल्या बाजूला किंवा टाळूवर खरचटलं असेल तर कान टवकारायचे. अडचण अशी की पाणी जखमेतलं रक्त धुऊन टाकतं, त्यामुळे जिवंतपणीची जखमही फिकट, 'मेलेली' दिसते. सूक्ष्मदर्शकाशिवाय छातीठोक सांगणारा डॉक्टर कादंबरीत भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

डब्लिनजवळ समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये ८ अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑगस्टमध्ये १५ च्या. बुडालेलं प्रेत पोटात वायू धरल्यावर वर येतं आणि इतक्या गार पाण्यात ते फार हळू होतं. हिवाळ्यात कित्येक आठवडे. 'तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं' हे आपल्याकडच्या खाडीत खपेल, आयरिश समुद्रात जानेवारीत सहसा नाही, लाटेने लगेच ढकललं तर गोष्ट वेगळी.

रानवारा

डॉक्टर, मस्त! 'द लॉक-अप'मधल्या गाडीच्या धुराबद्दलही दोन ओळी लिहा ना.

न्यायवैद्यक

'द लॉक-अप' (पहिल्या प्रकरणापुरता रसभंग). बंद गॅरेजमध्ये तरुण संशोधक रोझा जेकब्ज मृत सापडते, आत्महत्या वाटते, क्वर्कला पटत नाही. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने मृत्यूनंतर त्वचेवर पडणारे डाग लालबुंद, चेरीसारखे होतात. त्या काळात टेबलावरच करता येणारी परीक्षा होती: रक्तात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालायचं, साधं रक्त तपकिरी-हिरवट होतं, वायू शिरलेलं लाल राहतं. मेलेल्या माणसाला गाडीत ठेवलं तर वायू रक्तात जाणारच नाही, आणि डाव तिथेच उघडा पडतो. पण बेशुद्ध माणसाला ठेवलं तर रक्त लालच असणार. मग उत्तर रक्तात नाही, इतरत्र शोधावं लागतं. लेखकाने हा फरक नीट पाळला आहे. बाकी वाचा.

कोकमसार

वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. प्रेतच मिळालं नाही तर? नवरा म्हणतो बायको समुद्रात गेली, आणि समुद्र काही परत देत नाही.

टिंबटिंब

तर नवरा अडकतो. इंग्रजी कायद्यातला सात वर्षांचा जुना नियम तिथेही चालायचा: सात वर्षं काही खबर नाही तर मृत मानता येतं. त्याआधी मालमत्ता, विमा, पुनर्विवाह सगळं लटकलेलं. आयर्लंडने यावर स्वतंत्र कायदा केला तो थेट २०१९ साली. प्रेत न मिळताही कॉरोनरची चौकशी घेण्याची तरतूद १९६२ च्या कॉरोनर कायद्यात आहे, पण तिला मंत्र्याची परवानगी लागते.

याला दुसरी बाजू जोडा म्हणजे त्या काळच्या कादंबऱ्यांतले हेतू कळायला लागतील. १९३७ च्या राज्यघटनेत घटस्फोटाला बंदी होती, ती १९९५ च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजारांच्या फरकाने उठली. स्ट्रॅफर्डचं स्वतःचं लग्न मोडलंय, पण कायद्याने तो विवाहितच. लग्नातून बाहेर पडायचे रस्ते तीन: इंग्लंडची बोट, गुपचूप वेगळं राहणं, किंवा मृत्यू. खालमुंडी विचारतील हेतू कुठे पेरलाय. तो कायद्याच्या पुस्तकात पेरलेला आहे.

चौकशीबद्दल थोडं. कॉरोनर आणि ज्यूरी यांनी ठरवायचं ते एवढंच: कोण, कधी, कुठे, कसा मेला. दोषी कोण हे सांगायची त्यांना मुभा नाही. आणि आत्महत्या हा १९९३ पर्यंत गुन्हा होता. कॅथलिक कुटुंबाला दफनविधी नाकारला जाण्याची भीती वेगळीच. त्यामुळे 'अपघाती बुडाली' असा निकाल लागावा यासाठी सगळेच, डॉक्टर, पोलिस, शेजारी, हातभार लावत. 'द सिल्व्हर स्वान'ची सुरुवात नेमकी इथे आहे: जुना ओळखीचा क्वर्कला विनवतो, माझ्या बायकोला चिरू नकोस. क्वर्क चिरतो, दंडावर सुईची खूण पाहतो, आणि चौकशीत ते सांगत नाही.

कोकमसार

ही चौकशी म्हणजे नुसती जुनी गोष्ट नाही हेही नोंदवायला हवं. बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचा, गर्भपात नाकारला गेल्यानंतर, ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात मृत्यू झाला, त्याची कॉरोनरची चौकशी एप्रिल २०१३ मध्ये झाली. ज्यूरीने एकमताने 'वैद्यकीय दुर्घटना' असा निकाल दिला, सोबत कॉरोनरच्या शिफारशी. कोणालाही दोषी धरलं नाही कारण ते त्या न्यायालयाच्या अखत्यारीतच नव्हतं. मराठी वर्तमानपत्रांत तेव्हा 'कोणालाच शिक्षा नाही' असा सूर होता, तो या फरकामुळे. गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम पुढे २०१८ च्या सार्वमताने गेलं.

सांजवात

स्ट्रॅफर्डच्या धर्माबद्दल कोणी बोललं नाही. तो प्रॉटेस्टंट जमीनदार घराण्यातला. १९६१ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात प्रॉटेस्टंट साधारण पाच टक्के. पोलिसदलात तर तो परकाच. त्याचं नाव सगळे 'स्टॅफर्ड' असं चुकीचं घेतात आणि तो दर वेळी 'र' दुरुस्त करतो. हा विनोद मालिकाभर चालतो, पण त्यात पुरता बोचरा अर्थ आहे. 'तू आमच्यातला नाहीस' हे सांगायची ती सभ्य तऱ्हा.

'स्नो' १९५७ च्या हिवाळ्यात वेक्सफर्ड परगण्यात घडते. त्याच वर्षी, त्याच परगण्यात, फेथर्ड-ऑन-सी या गावी खरोखर काय झालं ते वाचलंत तर कादंबरीतला ताण खोटा वाटणार नाही. शीला क्लोनी या प्रॉटेस्टंट आईने मुलींना कॅथलिक शाळेत घालायला नकार दिला आणि त्यांना घेऊन ती गाव सोडून गेली. पाद्र्यांच्या पाठिंब्याने गावातल्या कॅथलिकांनी मे महिन्यापासून प्रॉटेस्टंट दुकानांवर बहिष्कार टाकला. मूळ कारण १९०७ चा, १९०८ पासून लागू झालेला पोपचा हुकूम: मिश्र विवाहातली मुलं कॅथलिकच वाढवायची. आता अशा ठिकाणी वाड्यात पाद्र्याचा खून होतो, तपासाला प्रॉटेस्टंट इन्स्पेक्टर येतो आणि वर आर्चबिशपला प्रकरण 'अपघात' म्हणून मिटवून हवं असतं. स्ट्रॅफर्ड प्रश्न विचारायचं विसरत नाही हो, खालमुंडी. कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही हे त्याला आधीच कळतं.

ट्रिनिटी कॉलेजचा (डब्लिनचं प्रॉटेस्टंट परंपरेचं विद्यापीठ) उल्लेख आला की लक्षात ठेवा: आर्चबिशप मॅक्वेड (कारकीर्द १९४० ते १९७२) यांच्या परवानगीशिवाय डब्लिनच्या कॅथलिकांना तिथे शिकता येत नसे. बंदी १९७० ला उठली. पात्र ट्रिनिटीचं आहे म्हटल्यावर त्याचा धर्म, वर्ग, मित्रमंडळ यांचा अंदाज आयरिश वाचकाला लगेच येतो. आपल्याला तो मुद्दाम करावा लागतो.

खालमुंडी

बरं, एवढं मान्य की विसरत नाही. पण शेवटची पाऊणशे पानं अजून माझ्या बाजूने आहेत.

मला वेळा जुळवायच्या आहेत. त्या काळच्या वेळापत्रकाचं कोणी काही सांगेल?

टिंबटिंब

हे घ्या. डब्लिनमध्ये पब दुपारी अडीच ते साडेतीन बंद असत, १९२७ च्या कायद्याने, थेट १९८८ पर्यंत. लोक त्याला 'होली अवर' म्हणत. दुपारी तीनला पबमध्ये होतो असं कोणी म्हणालं तर एकतर तो खोटं बोलतोय किंवा मालकाने दार आतून लावून घेतलं होतं, आणि मग मालक साक्ष देणार नाही.

सार्वजनिक फोनला अ आणि ब अशी दोन बटणं. आधी पैसे टाकायचे, पलीकडून आवाज आला की अ दाबायचं, नाहीतर ब दाबून पैसे परत. अ दाबेपर्यंत तुमचा आवाज पलीकडे जात नाही. फोन आला पण कोणी बोललं नाही, या प्रसंगाला कधी कधी इतकं साधं स्पष्टीकरण असतं. खेड्यात सगळे कॉल पोस्टातल्या ऑपरेटरमार्फत, म्हणजे गुप्त काहीच नाही.

वीज: गावागावांत खांब घालायची योजना १९४६ च्या अखेरीस सुरू झाली. दहा वर्षांनीही बरीच घरं दिव्यावर होती, त्यामुळे रात्री अमुक अंतरावरून चेहरा ओळखला म्हणणारा साक्षीदार तपासून घ्या.

पोलिस: गणवेशातले गार्डा (आयरिश पोलिस) निःशस्त्र, डिटेक्टिव्हांकडे पिस्तूल असू शकतं. बायका दलात १९५९ च्या उन्हाळ्यात आल्या, त्यामुळे त्याआधीच्या कथेत महिला साक्षीदाराची जबानी पुरुषच घेणार, आणि ती काय सांगणार नाही हे उघड आहे. शिक्षा: खुनाला फाशी. शेवटची फाशी एप्रिल १९५४ मध्ये, माउंटजॉय तुरुंगात. पुढेही शिक्षा सुनावली जायची, अंमलात येत नव्हती. १९५७ चा संशयित हे जाणून नसतो, एवढं लक्षात ठेवा.

सांजवात

खालमुंडींना कोडंही हवं असेल आणि पोलिसी काम पण, तर टाना फ्रेंचची 'ब्रोकन हार्बर' (२०१२). २००८ च्या मंदीनंतर अर्धवट सोडलेल्या वसाहतीत घडते. त्यातली कबुलीजबाब काढायची प्रकरणं शिकण्यासारखी आहेत. तिथला 'मर्डर स्क्वॉड' मात्र लेखिकेने रचलेला, त्या नावाचा विभाग आजच्या गार्डात नाही. तिच्या या मालिकेत दर पुस्तकात निवेदक बदलतो, त्यामुळे क्रम मोडला तरी चालतं.

रानवारा

अवांतर नाही, विषयातलंच आहे. यादीत एक भर: बी. डब्ल्यू. ब्लॅक या तिसऱ्याच नावाने २०२० मध्ये 'द सीक्रेट गेस्ट्स' आली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या दोन राजकन्या आयर्लंडमध्ये लपवल्या आहेत अशी कल्पना. त्यातही स्ट्रॅफर्ड आहे. मालिकेच्या क्रमात ती धरायची गरज नाही, वेळ असेल तर 'स्नो'नंतर.

बीबीसीची 'क्वर्क' (२०१४) तीन भागांची, पहिल्या तीन पुस्तकांवर, गॅब्रिएल बर्न नायक. दिवे इतके मंद आहेत की दुपारी पडदे लावून बघा. पुस्तकातला क्वर्क अंगाने दांडगा आहे, हे तिथे जमलेलं नाही.

कोकमसार

माझ्या ग्रंथालयात फक्त 'व्हेन्जन्स', 'स्नो' आणि 'द ड्राउन्ड' दिसतायत. कुठून?

रानवारा

'स्नो'. ती एकटी उभी राहते. मग 'एलेजी', 'एप्रिल इन स्पेन' आणि 'द लॉक-अप' मागवा, आणि ती येईपर्यंत 'व्हेन्जन्स' वाचा. तिची सुरुवात एका होडीत होते आणि बाकीच्यांशी तिचा संबंध थोडाच आहे. 'द ड्राउन्ड' घरी आणा, पण उघडू नका.